हिराभाऊचा कंदील

ज्या माणसाला स्वतःची सही करता येत नव्हती, ज्याच्या मालकीचं जगात दोन धोतरं, एक पितळी लोटा आणि एक विळा यापलीकडे काही नव्हतं, त्याचा आयुष्यभर हेवा करायला मोठं मन लागतं. ते देवानं मला भरपूर दिलं होतं. मी उमेळ्याच्या शाळेत मास्तर. घरची केळीची वाडी, विहिरीवर रहाट, गावच्या नाटकात नायकाचं काम ठरलेलं. तरीही हिराभाऊ समोरून येताना दिसला की माझ्या पोटात दुखायला लागायचं.

हिराभाऊ मूळचा जूचंद्रचा, खाडीकडचा. मुंबईच्या एका वकिलांनी आमच्या वाडीला लागून दुमजली बंगला बांधला होता, त्याची राखण करायला तो आला. वकिलांच्या बाईंना छातीचं दुखणं होतं आणि वसईची हवा मानवेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हवा मानवली नाही. बाई वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या खोलीत वारल्या आणि वकील पुन्हा इकडे फिरकले नाहीत. जाण्याआधी बाईंनी हिराभाऊला एवढंच सांगितलं होतं म्हणे, की संध्याकाळचा दिवा चुकवू नकोस. झालं. त्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेला पश्चिमेच्या खिडकीत कंदील लागायचा. घरात राहायला कुणी नाही, बघायला कुणी नाही, आणि हा आपला काच राखेनं घासून, फडक्यानं पुसून, उजेडाकडे धरून पुन्हा पुसतोय.

"कुणासाठी रे एवढं?" मी एकदा विचारलं.

"घराला मानूस नसला तरी चालतो, मास्तर," तो म्हणाला, "उजेड लागतो."

असलं काहीतरी तो सहज बोलून जायचा आणि लोक ते लक्षात ठेवायचे. मी दहा वर्षं गावातल्या पोरांना सुविचार शिकवले, त्यातला एकही कुणाच्या तोंडी मी ऐकला नाही.

बंगल्यात शिरताना तो वहाणा बाहेर काढायचा. इतकी वर्षं खुर्च्या रिकाम्या पडलेल्या, पण तो कधी एकीवर टेकला नाही. बाहेर पडताना दाराला कुलूप लावून त्यावर हात ठेवायचा आणि "येतो गं" म्हणायचा. एरवी असं कुणी वागलं असतं तर गावानं त्याला वेडा ठरवलं असतं. हिराभाऊला गावानं शहाणा ठरवलं. सुकेळ्यांचंही तेच. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात, त्यात कसली आलीय विद्या? आमच्याही अंगणात चटया पसरलेल्या असायच्या. पण तो वाळक्या पानात बांधलेला पुडा घेऊन आला की माझी सख्खी आई, स्वतःच्या हातची सुकेळी घरात असताना, म्हणायची, "हिराजीच्या हाताला गोडी आहे हो."

पण माझं खरं दुखणं नाटकाचं होतं. रामनवमीला गावात नाटक व्हायचं. वीज नव्हतीच. दोन गॅसबत्त्या भाड्यानं आणायच्या आणि त्या सांभाळायचं काम हिराभाऊचं. त्या वर्षी मी राजा होतो. तिसऱ्या अंकाच्या शेवटी मला मरायचं होतं, आणि त्या मरणाची तालीम मी महिनाभर वाडीत केळींपुढे केली होती. मी पडलो. राणीच्या मांडीवर डोकं ठेवलं. शेवटचं भाषण सुरू केलं. एवढ्यात डावीकडची बत्ती फडफडून मंद झाली.

हिराभाऊ सरळ रंगमंचावर आला. कमरेला फडकं, खांद्यावर टॉवेल. माझ्या पायांवरून ओलांडून त्यानं बत्ती खाली उतरवली, उकिडवा बसला आणि पंप मारायला लागला. मी भाषण करतोय, तो पंप मारतोय. सगळा मांडव त्याच्याकडे बघतोय. बत्ती भकभक करून पांढरीशुभ्र झाली, तशी त्यानं ती वर टांगली, वळून माझ्याकडे नीट पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "हां, मरा मास्तर, सावकाश. आता दिसतंय."

हसून हसून मांडव खाली बसायचा राहिला. मी मेलो ते कुणी पाहिलंच नाही. मांडीवर डोकं घेतलेली राणीसुद्धा, म्हणजे आमचा गणपत, गदगदून हसत होता. पुढल्या वर्षी नाटकाची वर्गणी गोळा करायला गेलो तर तीन घरांत मला विचारलं, "हिराभाऊ कितव्या अंकात येतो?" त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं की जिथं माझं काम असेल तिथं हा माणूस नको. तो काहीच करत नाही, नुसता येऊन उभा राहतो, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात.

स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन-तीन वर्षांनी मुंबईची सिनेमा कंपनी आमच्याकडे आली. कंपनी म्हणजे काय, सात-आठ माणसं, एक कॅमेरा आणि दोन टांग्यांत मावेल एवढं सामान. त्यांना भुताच्या बंगल्याचा सिनेमा काढायचा होता आणि वकिलांच्या पुतण्यानं त्यांना आमचा बंगला दाखवायची चिठ्ठी दिली होती. डायरेक्टर म्हणून जे गृहस्थ होते ते जाडे, खाकी टोपीवाले, सतत घाम पुसणारे. बंगल्यासमोर टांग्यातून उतरले आणि उभेच राहिले. पांढरी चुनखडी दिलेल्या भिंती, सारवलेलं अंगण, उंबऱ्यावर रांगोळीची दोन बोटं, तुळशीला पाणी घातलेलं.

"हा भुताचा बंगला?" ते म्हणाले. "अहो, इथं तर मुंज लावता येईल!"

मग त्यांच्या माणसांनी चुलीतली राख चाळून दिवाणखान्यात उडवली, कापूस ताणून डिंकानं कोपऱ्याकोपऱ्यांत कोळिष्टकं लावली, खुर्च्या उलथ्या केल्या. दिवसभर काम करून मंडळी पाचच्या गाडीला मुंबईला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतात तो काय, कोळिष्टकं गायब, खुर्च्या ओळीनं मांडलेल्या आणि फरशीत तोंड दिसतंय.

"कुणी केलं हे?" डायरेक्टर ओरडले.

"मी केलं," हिराभाऊ म्हणाला. "तुमची मानसं केवडी घान करून गेलेली, सायेब. बोलायला बरं वाटत नाय म्हनून कोनाला बोललो नाय."

त्याला बरंच समजावण्यात आलं. सिनेमा म्हणजे काय, भूत म्हणजे काय, राखेला किती महत्त्व आहे. तो मान डोलवत राहिला. पण घर आपल्या हाती असताना त्यात धूळ राहू द्यायची, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरण्यासारखी नव्हती. दिवसा ते राख टाकायचे, रात्री तो झाडायचा. पुन्हा पुन्हा तेच दृश्य घ्यायला फिल्म पुरत नव्हती. त्यामुळे त्या सिनेमात नायक एका दारातून शिरतो तेव्हा खोलीत शंभर वर्षांची धूळ असते, आणि दुसऱ्या बाजूनं दाखवतात तेव्हा त्याच खोलीत दिवाळी असते. भुतानं गळा दाबलेली बाई कोसळते ती चकचकीत फरशीवर, आणि तिच्या डोक्याशी रांगोळी दिसते. एवढं करूनही कंपनीतली सगळी मंडळी दुपारी जेवायला हिराभाऊच्या झोपडीपुढेच बसायची. डायरेक्टरसुद्धा त्याला शिव्या देत देत त्याच्याच हातची सुकेळी खायचे.

मी मात्र रोज शाळा सुटली की धुतलेला सदरा घालून तिथं जाऊन उभा राहत होतो. सहाव्या दिवशी डायरेक्टरांचं माझ्याकडे लक्ष गेलं. नायक बंगल्याकडे निघतो तेव्हा त्याला वाटेत अडवणारा एक गावकरी हवा होता. वाक्य एकच होतं: "साहेब, मागं फिरा. त्या घरात आता दिवा लावायलाही कुणी उरलेलं नाही." मी म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "ठीक आहे. पण मिशी काढा. मिशीमुळे तुम्ही घाबरलेले न वाटता हवालदार वाटता."

आता आमच्याकडे वडील हयात असताना मुलानं मिशी काढायची म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मी ती काढली. स्वतःच्या हातानं, विहिरीवर, बादलीतल्या पाण्यात बघून. घरात शिरलो तशी आई किंचाळली आणि धावत जाऊन वडील झोपाळ्यावर आहेत ना ते बघून आली. वडील होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि बोलणं टाकलं. शेवटी संध्याकाळी त्यांच्यापाशी जाऊन बसला तो हिराभाऊच. "काका, नाटकात मास्तर चारदा मेले, तवा तुमी रडलात काय?" एवढंच तो म्हणाला. वडील हसले. माझ्याशी ते तरीही तेरा दिवस बोलले नाहीत, पण त्याच्यापाशी हसले.

हे सगळं मी सोसलं ते त्या एका दिवसासाठी. उभ्या जन्मात एक दिवस, एक वाक्य, आणि मग माझा चेहरा पडद्यावर, वसईपासून कुठकुठपर्यंत. तो दिवस कंपनीचा शेवटचा दिवस होता. दुपारी माझं दृश्य आणि संध्याकाळी, उजेड जाता जाता, बाहेरून बंगल्याचं शेवटचं चित्र. बाराच्या सुमाराला गेलो तर हिराभाऊ धोतर धुऊन, डोक्याला तेल लावून बसलेला. "आज तुमचं हाय ना, मास्तर? मी फुडंच उभा ऱ्हातो. काय लागलं तर."

काय लागलं तर! माझ्या डोळ्यांसमोर तो उकिडवा बसून पंप मारताना दिसला. मी जीभ उचलली आणि टाळ्याला लावली.

"हिराभाऊ, जूचंद्राहून सांगावा आलाय. तुझी बहीण अंथरुणाला खिळलीय. तुला लगेच बोलावलंय."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी आंब्याच्या झाडाकडे पाहत राहिलो. मग तो उठला. सांगावा कुणी आणला, काय झालंय, काही विचारलं नाही. "जायाला होवं मंग," म्हणाला. बाटली घेऊन बंगल्यात गेला, थोड्या वेळानं बाहेर आला, कुलपावर हात ठेवून "येतो गं" म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात दिली. आतलं काम कालच संपलं होतं, त्यामुळे बंगला उघडायची कुणाला गरज नव्हती. "आज मुक्काम पडंल," तो म्हणाला. "संध्याकाळचं मी बगितलंय." मिठागरांच्या दिशेनं तो चालू लागला. दुपारचं ऊन होतं आणि त्याच्या डोक्यावर ओला टॉवेल होता. मला वाईट वाटलं का? नाही. मला मोकळं वाटलं.

माझं दृश्य झालं. एका झटक्यात, न अडखळता. डायरेक्टर म्हणाले, "बरं झालं." मी ते वाक्य रात्रंदिवस घोकलं होतं, ते म्हणताना नायकाच्या खांद्यावरून बंगल्याकडे बोट दाखवलं होतं. बघायला गावातली चाळीस-पन्नास माणसं होती आणि सगळी माझ्याकडेच बघत होती. असा दिवस मला पुन्हा मिळाला नाही.

संध्याकाळी कॅमेरा वाडीच्या कडेला लावला. नायक-नायिका बैलगाडीत बसून निघून जातात आणि मागं बंगला काळोखात बुडत जातो, असं ते चित्र होतं. कंपनीकडे फिल्मचा शेवटचा तुकडा उरला होता. गाडी गेली. कॅमेऱ्याची घरघर चालू राहिली. आणि बंगल्याच्या भिंती करड्या होत गेल्या तसा पश्चिमेच्या खिडकीत एक पिवळा ठिपका दिसायला लागला. आधी वाटलं काचेवर ऊन चमकतंय. पण ऊन तर केव्हाच गेलं होतं. अंधार जसजसा दाटत गेला तसतसा तो ठिपका वाढत गेला, कुणी आतून हळूहळू जवळ येत असल्यासारखा.

डायरेक्टरांनी कॅमेरावाल्याचा खांदा घट्ट धरला. माझ्याकडे वळून कुजबुजले, "आत कोण आहे?" मी खिशातून किल्ली काढून दाखवली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सामान आवरणारा माणूस कुणाला न विचारता टांग्यात जाऊन बसला.

माझ्या तेवढ्यात लक्षात आलं. संध्याकाळी परतता येणार नाही म्हणून त्यानं दुपारीच कंदील लावून ठेवला होता. तेल काठोकाठ भरून. भर उन्हात ती ज्योत कुणाला दिसणार? मी सांगू शकलो असतो. डायरेक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला काही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराभाऊ परत आला. हातात करंदीची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची पुडी होती. "बहीन ठनठनीत हाय, मास्तर. कोनीतरी तुमाला चुकीचा सांगावा दिला. पन बरं जालं, चार वर्सांनी गेलेलो. ही करंदी तिनं तुमच्या आयेसाठी दिलीय." मग खाली बसत म्हणाला, "तुमचं काम कसं जालं? बत्ती कोनी धरली?"

"दिवसाचं होतं," मी म्हणालो. "बत्ती लागली नाही."

"मंग ठीक," तो म्हणाला आणि किल्ली घेऊन झाडायला गेला.

वर्षभरानं तो सिनेमा वसईला तंबूत लागला. सगळं गाव गेलं. आमच्या घरचे सगळे गेले, वडीलसुद्धा. माझी मिशी तोवर पूर्ववत आली होती. सिनेमा वाईट होता. वाईट म्हणजे काय, भुताची साडी जिन्याच्या खिळ्यात अडकते आणि भूत ती थांबून सोडवतं, इतका वाईट. लोक चहाटळपणा करत होते, भूत आलं की पोरं टाळ्या वाजवत होती. मी माझी वाट बघत होतो. नायक वाटेला लागला. आता मी येणार. नायक चालला. चालला. बंगल्याच्या दारात पोचला.

मी नव्हतोच. मला कापून टाकलं होतं. माझ्या आईनं हळूच विचारलं, "तू पुढं आहेस का रे?" मी मान हलवली, ती हो अशी की नाही अशी, मलाच माहीत नाही.

शेवटी ती खिडकी आली. आधी गडबड होती, मग पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या. तो ठिपका वाढत गेला आणि तंबूभर कुणी श्वास घेतला नाही. बायकांच्या बाजूनं एक खरीखुरी किंकाळी आली. अख्ख्या सिनेमात लोक घाबरले ते तिथं, एकदाच. आणि त्या शांततेत अगदी मागून हिराभाऊचा आवाज आला, "अरे देवा, काच पुसायची ऱ्हायली व्हती!"

तंबू हसून कोसळला. परतताना गाडीत दुसरा विषय नव्हता. मी एका कोपऱ्यात बसून एकच विचार करत होतो, की माझं वाक्य ठेवलं असतं तर तो दिवा दुप्पट भयंकर वाटला असता. इतकी साधी गोष्ट त्या टोपीवाल्या गाढवाला कळू नये? वडील अंधारात म्हणाले, "हिराजीचा दिवा मात्र छान आला." तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात. माझ्या हाती तेही आलं नाही, तेसुद्धा हिराभाऊच घेऊन गेला.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी वकिलांच्या पुतण्यानं बंगला विकला. घेणाऱ्यानं तो पाडून लाकूड आणि कौलं नेली. हिराभाऊच्या डोळ्यांत तोवर पडदे आले होते. तो जूचंद्रला बहिणीकडे राहायला गेला. जाताना त्यानं कुणाला काही सांगितलं नाही, आणि मीही निरोप द्यायला गेलो नाही. वर्ष काढलं. मग एकदा आई म्हणाली, "त्याला बघून तरी ये रे," म्हणून गेलो.

ओट्यावर तो भिंतीला टेकून बसला होता. डोळे दुधासारखे. मी खाकरलो.

"मास्तर," तो म्हणाला. "बसा."

इकडचं तिकडचं बोलणं झालं. आईची चौकशी झाली. उन्हं उतरली होती. मग तो एकदम म्हणाला, "तुमचं ते सिनेमातलं वाक्य. तेवडं म्हना ना. मी ऐकलंच नाय. त्या दिवशी तुमी मना हितं धाडलेलं."

"तुला माहीत होतं?"

"तेवाच. सांगावा देताना तुमी आंब्याकडं बगत व्हते. नाटकात पन तुमी खोटं बोलायचं असलं की वरती बगता. लोकांना कलतं ते, मास्तर."

"मग गेलास कशाला?"

"तुमाला मी नको व्हतो," तो म्हणाला. "येक दिवस नको, तर नको. त्यात काय."

मला राग आला. खरंच सांगतो, लाज वाटायच्या आधी मला राग आला, की इथंही हाच मोठा ठरला. मग लाज वाटली. तो वाट बघत होता. मी घसा साफ केला आणि नाटकात म्हणायचो तशा आवाजात म्हणालो, "साहेब, मागं फिरा. त्या घरात आता दिवा लावायलाही कुणी उरलेलं नाही."

म्हणून झालं आणि मग मला ऐकू आलं मी काय म्हणालो ते. ते आता खरं होतं. घरही नव्हतं. आणि ज्यानं दिवा लावायचा तो माझ्यासमोर आंधळा बसला होता.

हिराभाऊ मान हलवून म्हणाला, "घाई करता. सावकाश म्हना. परत."

मी परत म्हणालो. या वेळी आवाज लागलाच नाही, जेमतेम ओठांतून बाहेर आला. मी वर पाहिलं नाही, त्याच्याकडेच पाहिलं.

"हां," तो म्हणाला. "आता दिसलं."

मी उठलो. वळणावरून मागं पाहिलं तेव्हा तो भिंत चाचपत उभा राहिला होता. बहिणीच्या खुंटीवरचा कंदील त्यानं उतरवून घेतला होता आणि धोतराच्या सोग्यानं काच पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं ती मावळतीकडे धरली, दिसत नसूनही, आणि पुन्हा पुसायला लागला. मी तिथं उभा राहून बघत होतो, आणि मला त्याचा हेवाच वाटत होता.